‘जीन बदलणारी सुई’ आणि गरम विटेचा शेक

‘आरएनएची विदेशी सुई घेऊ नका. ती डीएनए बदलते, पुढची पिढी बिघडवते, डोळे घालवते. कोरोनाच्या लशीचीच बहीण आहे. पाय सुन्न झाले तर गरम विटेचा शेक अन् काढा घ्या, २१ दिवसांत नस जागी.’

हा मेसेज दिग्रसकडच्या आमच्या नातेवाइकांत फिरतोय. मामेभावाला ट्रान्सथायरेटिन अमायलॉइडोसिस निघालाय, घराण्यातून येणारा नसांचा, म्हणजे मज्जातंतूंचा, दुर्मिळ आजार. मेसेजमधली ‘आरएनएची सुई’ म्हणजे त्यावरचं पॅटिसिरान हे औषध. मेसेज वाचून मामीचा फोन, ‘आता काहाले जाता नागपूरले?’

आधी वीट. या आजारात पायाला चटका कळतच नाही. कातडी भाजून फोड येईल, फोडाची जखम चिघळेल, तरी माणूस म्हणेल बरं वाटतंय. शेक सांगणाऱ्याने एवढाही विचार केला नाही? आणि विटेने नस जागी होणार तरी कशी? बिघाड लिव्हरमध्ये आहे. लिव्हर ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन बनवतं. जीनमधल्या दोषामुळे ते नीट घडी धरत नाही, त्याच्या गुठळ्या नसांत, हृदयात साचतात. आधी पाय बधिर, मग चालणं अवघड, उभं राहताच बीपी खाली. काढ्याची वाट बघत बसलं की तेवढ्या नसा आणखी मरतात.

आता डीएनए. पॅटिसिरान हे औषध लिव्हरच्या पेशीत जाऊन फक्त त्या प्रथिनाचा निरोप, म्हणजे एमआरएनए, तोडतं. तलाठ्याकडचा सातबारा तसाच राहतो, बाहेर निघालेली नक्कल तेवढी फाटते. नवी नक्कल निघतच राहते, म्हणून दर ३ आठवड्यांनी सलाईनमधून औषध द्यावं लागतं. जीन बदलत असता तर पुन्हा पुन्हा कशाला दिलं असतं? पुढच्या पिढीचं म्हणाल, तर दोषी जीन प्रत्येक मुलात उतरायची शक्यता ५० टक्के, औषध घ्या की न घ्या.

लशीची बहीण? एमआरएनए लस प्रथिन बनवायला सांगते, हे औषध बनणं थांबवतं. चरबीचं आवरण दोन्हींना असतं, एवढं खरं. पण गावात बहुतेकांनी कोविशील्ड नाही तर कोव्हॅक्सिन घेतली. त्या एमआरएनएच्या नव्हत्याच!

डोळ्यांच्या मुद्द्यात मात्र अर्धं तथ्य आहे, मान्य करावं लागतं. हेच प्रथिन रक्तात जीवनसत्त्व ‘अ’ वाहून नेतं, त्यामुळे औषधाने त्याची रक्तातली पातळी घटते. म्हणून डॉक्टर ‘अ’ची गोळी रोज देतात. दिसण्यात फरक पडला तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. आणि डोळे तर हा आजारही बिघडवतो, ते मेसेजमध्ये कुठंय?

राहिला पुरावा. २०१८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २२५ रुग्णांची १८ महिन्यांची चाचणी छापून आली. नसांच्या बिघाडाचा गुणांक, जो वाढला की आजार वाढला, तो औषध घेणाऱ्यांत सरासरी ६ने उतरला, नुसतं सलाईन घेणाऱ्यांत २८ने चढला. त्याच वर्षी अमेरिकेत मंजुरीही मिळाली. आजार मुळासकट जात नाही, आणि किंमत ऐकून घाम फुटतो: तिथे वर्षाला साडेचार लाख डॉलर जाहीर झाली होती. त्यावर ओरडायचं तर ओरडा, मीही येतो. पण नागपूरची तारीख चुकवायला सांगू नका.