रात्री दहानंतर रडणारे बाळ आणि सोसायटीचा दंड

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा: रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत फ्लॅटमध्ये बाळाला रडू देणे हा ध्वनिप्रदूषणाचा गुन्हा आहे, शेजाऱ्यांनी पोलिसांत तक्रार करावी, कमिटीने दंड आकारून तो मेंटेनन्सच्या बिलात लावावा आणि कुटुंब भाडेकरू असेल तर घर रिकामे करून घ्यावे, बाळ पाच-दहा मिनिटांत शांत होत नसेल तर दोष आईवडिलांचा आहे, आणि पूर्वीच्या बायका गुटीत जायफळाचे चार वळसे जास्त देत, म्हणून तेव्हाची बाळे रात्रभर झोपत. आमची मुलगी सहा आठवड्यांची असताना हाच मजकूर आमच्या इमारतीच्या गटावर आला आणि मी भर मे महिन्यात घराच्या सगळ्या खिडक्या लावून घेऊ लागले. आज कितीतरी नवख्या आया तेच करत असतील, म्हणून यातील एकेका विधानाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

आधी कायदा. मजकुरात हवाला आहे तो ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांचा, आणि निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही त्यांतील मर्यादाही खरी आहे. परंतु ही मर्यादा परिसरातील आवाजाच्या पातळीची आहे, आणि रात्रीच्या वेळेचे निर्बंध ज्या गोष्टींवर आहेत त्या नियमांत नावानिशी दिलेल्या आहेत: ध्वनिवर्धक, वाद्ये व आवाज करणारी उपकरणे, बांधकामाची यंत्रे, फटाके, हॉर्न. तान्ह्या बाळाचे रडणे त्यांत नाही. मजकुरात भारतीय दंड संहितेचे कलम २६८, म्हणजे सार्वजनिक उपद्रव, हेही दिले आहे. त्या संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली असून उपद्रवाची व्याख्या आता कलम २७० मध्ये आहे. उपद्रव ठरण्यासाठी एखादी कृती लागते, किंवा कायद्याने बंधनकारक असलेली गोष्ट न करणे लागते. भुकेने उठलेल्या बाळाला छातीशी घेऊन बसलेली आई या दोहोंपैकी काहीही करत नसते. बाळाला स्वतःला जबाबदार धरायचे तर सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा नाही, असे त्याच संहितेचे कलम २० सांगते.

दंडाचे विधान अर्धवट माहितीवर उभे आहे. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इतर सदस्यांना उपद्रव होईल असे वर्तन करू नये, अशी तरतूद आहे आणि कमिट्या तिचाच आधार घेतात. पण उपविधीच्या भंगाबद्दल दंड लावायचा झाल्यास कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते, सदस्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते आणि विषय सर्वसाधारण सभेपुढे जावा लागतो. सेक्रेटरीने परस्पर बिलात एक ओळ वाढवून तो वसूल करता येत नाही. भाडेकरूंचा अकरा महिन्यांचा करार घरमालकाशी असतो, कमिटी त्यात पक्षकार नसते, त्यामुळे घर रिकामे करून घेण्याचा अधिकार तिला नाही.

माझ्या मते या मजकुरातील सर्वांत घातक विधान आईवडिलांना दोष देणारे आहे, कारण कायद्याची भीती वकिलाच्या एका फोनने जाते, पण "तुम्हाला बाळ सांभाळता येत नाही" हे वाक्य रात्री तीन वाजता एकट्या आईच्या डोक्यात घुमत राहते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली ८० बाळांच्या मातांनी ठेवलेल्या रोजच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्या निरोगी बाळांचे रडणे दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाऊन सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाला साधारण पावणेतीन तासांपर्यंत पोहोचले, संध्याकाळी ते जास्त होते आणि त्यानंतर ते कमी होत गेले. पुढील अभ्यासांत तासांचे आकडे कमी-अधिक आले, तरी पहिल्या दीड महिन्यात जास्त आणि तिसरा महिना संपताना बरेच कमी, हा क्रम टिकून आहे. नवजात बाळाला दिवसरात्रीचे भान नसते, ते यायला दोन-तीन महिने लागतात. तोवर चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध पिणारे बाळ रात्रीही उठणारच. पोट भरलेले, लंगोट कोरडा, अंगाला ताप नाही आणि तरीही बाळ तासभर रडते, असे असंख्य घरांत घडते आणि त्यात कोणाचीही चूक नसते.

अर्थात प्रत्येक रडणे सोडून देण्याजोगे नसते, हेही येथेच सांगायला हवे. तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून अधिक ताप असेल, ते दूध घेत नसेल, मलूल पडत असेल, हिरवी उलटी करत असेल किंवा रडण्याचा सूर नेहमीपेक्षा वेगळा, चिरका वाटत असेल, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

"पाच मिनिटांत गप्प करा" या दडपणाचा खरा धोका वेगळाच आहे. थकलेला, घाबरलेला आणि भिंतीवर शेजाऱ्याची थाप ऐकलेला माणूस बाळाला जोरात हलवतो, आणि तेवढ्याने त्या कोवळ्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. संयम सुटतो आहे असे वाटले तर बाळाला पाठीवर, सुरक्षित जागी झोपवून पाच मिनिटे दुसऱ्या खोलीत जावे. त्या पाच मिनिटांत बाळ रडले तर रडू द्यावे. ज्या आईला दिवसेंदिवस असेच वाटत राहते तिने टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

पूर्वीची बाळे रडत नसत, हे विधान मी माझ्या सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांचा जन्म लालबागच्या चाळीतला. त्या म्हणाल्या, "रडायची गं, पण दार उघडंच असायचं. शेजारची मावशी यायची आणि पोर उचलून गॅलरीत घेऊन जायची." एका आईवर पडणारा भार तेव्हा चार घरांत वाटला जाई. त्या गिरणगावाचा दुसरा इतिहासही आहे. कामावर जाताना तान्ह्या मुलाला झोपवून ठेवण्यासाठी गिरणीकामगार स्त्रिया त्याला अफू असलेल्या "बाळगोळ्या" देत, आणि १९२०च्या दशकातील सरकारी पाहण्यांत या प्रथेची नोंद आहे. ती बाळे शांत होती, पण ती शांतता गुंगीची होती. जायफळाचे जास्तीचे वळसे त्याच वाटेने जातात, कारण जास्त प्रमाणात ते विषारी असते. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज गुटी, मध, पाणी यांतले काहीही द्यायचे नसते. झोप यावी म्हणून सर्दीचे सिरप देणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांच्या मिश्रणाचे औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये दिला आहे.

एवढे म्हटल्यावर शेजाऱ्यांच्या बाजूनेही बोलणे माझे कर्तव्य आहे, कारण त्यांची झोप खरोखरच मोडते. आमच्या शेजारचे काका हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर नुकतेच घरी आले होते आणि एका रात्री दीड वाजता त्यांनी आमची बेल वाजवली. मी रडवेली झाले, मुलगी आणखी जोरात रडू लागली, आणि त्या क्षणी कोणाचेच काही ऐकण्याची कोणाची मनःस्थिती नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला बसल्यावर काकांनी एक वाक्य सांगितले: "बाळाचं काही नाही गं, पण ते अगदी माझ्या उशाशी रडतंय असं वाटतं." त्या वाक्याने उलगडा झाला. एक्झॉस्ट फॅनच्या घरघरीने मुलगी शांत होते असे आमच्या ध्यानात आले होते, म्हणून मी रात्री तिला खांद्यावर घेऊन बाथरूमच्या दारात उभी राहत असे. त्या बाथरूमचा झरोका ज्या डक्टमध्ये उघडतो, त्याच डक्टवर काकांच्या बेडरूमची खिडकी आहे. तिचा प्रत्येक हुंदका त्या अरुंद पोकळीतून थेट त्यांच्या पलंगापाशी जात होता.

आम्ही टेबलफॅन घेऊन दिवाणखान्यात फेऱ्या मारू लागलो, रात्री बाथरूमचे दार लावून ठेवू लागलो, पाळणा सामाईक भिंतीपासून दूर नेला आणि त्याच्या करकरणाऱ्या कड्यांना खोबरेल तेल लावले. कपड्यांचे भरलेले कपाट त्या भिंतीला लावले. काकांना मी स्पष्ट सांगितले की रडणे थांबवणे माझ्या हातात नाही, पण ते साधारण साडेतीन-चार महिन्यांपर्यंत ओसरते, आणि रात्री बेलऐवजी मेसेज केला तर आम्ही लगेच खोली बदलू. बेलने बाळ पुन्हा उठते, हे त्यांच्या लक्षात आले नव्हते.

मधल्या काळात कमिटीचे पत्र आलेच. त्याला आम्ही लेखी उत्तर दिले, पोच घेतली आणि तीन गोष्टी विचारल्या: कोणत्या उपविधीचा भंग झाला, तक्रार कोणत्या तारखांची आहे आणि दंडाचा ठराव कोणत्या सभेत झाला. त्या पत्राला उत्तर आले नाही. मुलगी चौथ्या महिन्यात रात्री दहा ते तीन सलग झोपू लागली. काकांनी डक्टकडच्या खिडकीच्या फटींना रबरी पट्टी लावून घेतली आहे, आणि आम्ही अजूनही झोपण्याआधी बाथरूमचे दार नीट लागले आहे ना, ते पाहतो.