दोनच्या वर नाही

आमच्या घरात गिझर दोन हजार वॅटचा आहे, मिक्सर साडेसातशेचा आणि हॉलमधला दिवा नऊचा. त्यामुळे पंधरा वॅटचा गिटार ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरवाला डबा, घ्यायचा विषय निघाला तेव्हा विरोध व्हायचं काही कारणच नव्हतं. "पंधराच ना?" बायको म्हणाली, "घे की." दोन दिव्यांच्या आतली वस्तू, बोंबलून बोंबलून किती बोंबलणार, असा तिचा हिशेब. खरं सांगायचं तर माझाही तोच होता.

ॲम्प हवा होता कारण वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी एका बँडमध्ये होतो. ऑफिसातले चौघं. गणपतीत मंडळाच्या मांडवात पाऊण तास मिळणार होता आणि मंडळाला नाही म्हणायला उशीर झाला होता. तेव्हा घरी सरावाला चालेल आणि बँडमध्ये ड्रमसमोर ऐकूही येईल, असा एकच ॲम्प मला पाहिजे होता. घरातल्या स्लिपर घालून राजगड चढायचा म्हणण्यासारखंच हे, पण त्यावेळी तसं वाटलं नव्हतं.

"सर, होम की गिग?" पुण्याच्या लष्कर भागातल्या दुकानातल्या पोरानं विचारलं. गिग म्हणजे कार्यक्रम.

"दोन्ही."

"मुलगा सध्या स्वतःचंच काहीतरी करतोय" हे ऐकल्यावर मुलीकडची मंडळी ज्या नजरेनं बघतात, त्या नजरेनं त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग बॉस कंपनीचा कटाना नावाचा ॲम्प पुढं ओढला. पन्नास वॅटचा, पण एक खटका फिरवला की अर्ध्या वॅटवर येतो. हेडफोनची सोय आहे, वजनाला हलका. शहाण्या माणसानं तोच घ्यावा. मी तुम्हाला मनापासून सांगतो, तोच घ्या.

पण शेजारी एक जुना, वापरलेला व्हॉल्व्हचा, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांवर चालणारा, ॲम्प पडला होता आणि पोरानं सहज म्हणून तो चालू केला. अर्धा मिनिट काहीच झालं नाही. मग मागच्या जाळीतून नारिंगी उजेड दिसायला लागला आणि तापलेल्या धुळीचा वास आला. तो वास मला ओळखीचा होता. आजोबांचा रेडिओ लावला की असाच यायचा. आधी उजेड, मग वास, मग आवाज. तिथंच माझा निकाल लागला. यापुढं मी विचारलेले सगळे प्रश्न हे घेणाऱ्या माणसानं शोभेपुरते विचारायचे प्रश्न होते.

वाजवून बघणं मात्र भाग होतं. कोपऱ्यात शाळेच्या युनिफॉर्ममधला एक मुलगा, दप्तर पाठीवरच ठेवून, बोटं दिसू नयेत इतक्या वेगानं वाजवत होता. मी आवाजाचं बटण एकवर ठेवलं आणि जी, सी, डी असे तीन कॉर्ड त्या ॲम्पच्या कानात सांगितल्यासारखे वाजवले.

"वाढवा ना सर."

"नको, मला क्लीन, न फाटलेला ऐकायचाय," मी म्हणालो.

बटणावर आकडे दहापर्यंत होते. किंमत इथं लिहीत नाही, कारण हा लेख घरात वाचला जातो.

पंधरा वॅटचा तो ॲम्प पंधरा किलोचा निघाला. वॅटला एक किलो. आमची बिल्डिंग सदाशिव पेठेतली, लिफ्ट ही कल्पना रुजण्याआधीची, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. दर मजल्यावर थांबत, कुणी दार उघडलं तर "इन्व्हर्टर" असं सांगत मी तो वर आणला.

संध्याकाळी बटण एकवर ठेवून पहिला कॉर्ड मारला. शोकेसमधले कपबशीचे संच किणकिणले. दीडवर भिंतीवरचं कॅलेंडर हललं. दोनवर दाराची बेल वाजली.

खालच्या मजल्यावरचे काका दारात उभे. निवृत्त आहेत, पण फायलीची सवय सुटलेली नाही. हातात मोबाईल, मोबाईलवर डेसिबल मोजायचं ॲप. "रहिवासी भागात दिवसा ५५, रात्री दहानंतर ४५," ते म्हणाले. "ध्वनिप्रदूषण नियम, २०००. तुमचा ६८ आला. तोही माझ्या देवघरात." मी चहा विचारला. घेतला त्यांनी, पण तारीख आणि आकडा वहीत लिहून मग घेतला. यांचाच नातू ढोलपथकात आहे आणि दोन महिने रोज संध्याकाळी नदीपात्रात सराव करून येतो. पण पात्रात यांचं देवघर नाही.

दुसऱ्या दिवशीपासून ॲम्प स्वतःहून बोलायला लागला. आधी एक संथ, खर्जातला हूंऽऽऽ. गिटारच्या तारांना हात लावला की कमी व्हायचा, सोडला की परत. पंख्याचा रेग्युलेटर फिरवला की त्यात करकर मिसळायची. स्वयंपाकघरात मिक्सर लागला की शेंगदाण्याची चटणी थेट स्पीकरमधून ऐकू यायची. आणि एका सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी, मी गिटारला हातही लावलेला नसताना, ॲम्प पुण्याहून प्रादेशिक बातम्या द्यायला लागला. अस्पष्ट, पण बातम्याच. बायको हॉलमध्ये आली, दोन मिनिटं ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "एवढे पैसे घालून रेडिओ आणलास?"

तापकीर गल्लीच्या आसपास जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांच्याकडे फोटो घेऊन गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाईल डोळ्यांना चिकटवला, आणि बऱ्याच वर्षांनी शाळेतला मित्र दिसावा तसे खूश झाले.

"अरे, ईएल८४! हा तर रेडिओतला व्हॉल्व्ह. तुझ्यात दोन आहेत?"

"हो. पंधरा वॅट."

"रेडिओत एक असायचा. चार-पाच वॅट मिळायचे, आणि त्यावर अख्खा वाडा बातम्या ऐकायचा. तू फ्लॅटमध्ये दोन घेऊन बसलायस?"

मग त्यांनी मला जे सांगितलं ते दुकानात कुणी सांगितलं नव्हतं. वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. पंधराचे तीस केले तर जेमतेम तीन डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. म्हणजे शंभर वॅटचा ॲम्प दहा वॅटच्या साधारण दुप्पट मोठा, दहापट नाही. आणि गिटारचा बारा इंची स्पीकर इतका तिखट असतो की एक वॅट दिला तरी हातभर अंतरावर पंचाण्णव-शंभर डेसिबल सहज काढतो. "म्हणजे तुझ्या त्या खालच्या काकांसाठी एक वॅटसुद्धा जास्तच," ते म्हणाले. मी मनातल्या मनात घरातल्या नऊ वॅटच्या दिव्याची माफी मागितली.

"आणि बातम्या?"

"गिटारची वायर केवढ्याची?"

"शंभर रुपयांची."

"मग ती वायर नाही, एरियल आहे. फेकून दे, शील्ड असलेली घे. आणि प्लगची मोठी पिन शाबूत आहे का बघ. अर्थिंग नसलं की हम येणारच. तोही एक वेळ परवडला, पण माईकला ओठ लावशील तेव्हा खरी गंमत कळेल." मी निघताना त्यांनी परत हाक मारली. "उघडू नकोस रे तो. आत तीनशे व्होल्ट असतात, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये बसून राहतात."

पिन नव्हती. आधीच्या मालकानं ती कापली होती, आपल्याकडे कापतात तशी, दोन भोकांच्या बोर्डात बसावी म्हणून. नवा प्लग लावून घेतला, नवी वायर आणली. हम गेला, बातम्या गेल्या. चटणी मात्र अजून अधूनमधून येते.

रविवारी बँडचा पहिला सराव. तासावर भाड्यानं मिळणारी खोली होती, भिंतींना काळा फोम. पंधरा किलो तीन मजले खाली, रिक्षा, परत दोन मजले वर. दार ढकललं तर आत रोलंडचा जेसी-१२० उभा. साठ-साठ वॅटचे दोन भाग, बारा इंची दोन स्पीकर, १९७५ पासून निघतोय आणि अशा खोल्यांतून कुणीतरी सिमेंटमध्ये रोवल्यासारखा सापडतो. "ॲम्प असतो की इथं," ड्रमर म्हणाला. "भाड्यातच येतो." हे त्याला शुक्रवारी सांगता आलं असतं.

तरी मी माझाच लावला. घरी पंधरा दिवस खपून मी एक सुंदर आवाज बसवला होता. बास वर, ट्रेबल वर, मिडल अगदी खाली. हळू वाजवताना कानाला खर्ज आणि टीप दोन्ही कमी ऐकू येतात, म्हणून घरी असा आवाज भरदार वाटतो. इथं ड्रमरनं चार मोजले आणि मी नाहीसा झालो. हात हलत होता, मी मात्र कुठंच नव्हतो. दुसऱ्या कडव्यात बासवाला शेजारी येऊन विचारून गेला, "तू सुरू केलंस का?"

खालचा खर्ज बास आणि किक ड्रमनं धरलेला, वरची झणझण झांजांनी. गिटारचं घर मध्ये. आणि ती मधली जागा, भर पेठेतली म्हणा ना, मी स्वतःच्या हातानं सोडून आलो होतो. मिडल वर केलं. घरी हाच आवाज सर्दी झाल्यासारखा वाटला असता. इथं एकदम ऐकू यायला लागला, आणि पाठोपाठ आमची गायिका म्हणाली, "कमी कर जरा, माझं मलाच ऐकू येत नाहीये." तिला येत होता, मला नव्हता. ॲम्प जमिनीवर, मी त्याच्या पुढ्यात. सगळा आवाज माझ्या पोटऱ्यांवर आपटून समोर तिच्या तोंडावर जात होता. पुढच्या रविवारी मी घरून चौरंग नेला आणि त्यावर ॲम्प ठेवून पुढून पुस्तकाचा टेकू दिला. तोंड वर झालं, आवाज कानाशी आला. बटण दोनवर, आणि सगळे खूश.

"गणपतीचा चौरंग कुठंय?" बुधवारी घरून फोन आला.

ॲम्प इतके मोठे झाले याचं खापर मी ड्रमरवर फोडतो, आणि त्याला आधार आहे. मार्शल ॲम्प ज्यांच्या नावाचे, ते जिम मार्शल मुळात ड्रमर. लंडनच्या हॅनवेल भागात त्यांचं ड्रमचं दुकान होतं. साठच्या दशकात तिथं येणाऱ्या गिटारवाल्या पोरांनी अजून मोठा, अजून मोठा करत शंभर वॅटपर्यंत नेलं. पोरांचंही चुकत नव्हतं. तेव्हा सभागृहातले लाउडस्पीकर गायकापुरते, गिटारला ज्याचं त्यानं बघायचं. आता ॲम्पसमोर माईक लावतात आणि पुढचं सगळं साउंडवाला बघतो. हे मला मांडवात कळलं. साउंडवाल्यानं माईक स्पीकरला टेकवला, तोंडातली सुपारी एका गालात सारली आणि म्हणाला, "साहेब, दोनच्या वर नका नेऊ. बाकी आमच्याकडं द्या." पाऊण तास वाजवलं. लोक प्रसादाच्या रांगेत होते, पण होते.

राहता राहिलं दोनच्या पुढचं. व्हॉल्व्हचा खरा स्वाद तिथंच म्हणतात, चार-पाचला व्हॉल्व्हवर ताण येऊन आवाज फाटायला लागतो तिथं. तो मी ऐकलाच नव्हता.

अनंत चतुर्दशीला संध्याकाळी टिळक रोडवर मंडळं लागली. साडेआठच्या सुमारास त्यातल्या एकाची स्पीकरची भिंत आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. खिडक्या थरथरत होत्या. छातीत कुणीतरी आतून धपाटे घालत होतं. बायकोनं कानात बोळे घालून पोळ्या लाटायला घेतल्या. मी ॲम्प चालू केला, नारिंगी उजेडाची वाट पाहिली. तीन. पाच. सात. मग दहा. हात वर नेला आणि खाली आणला.

तार हलताना दिसली. एवढंच.

मी पुन्हा मारला, जोरात. कान स्पीकरपाशी नेला तेव्हा लांबून कुणीतरी वाजवत असल्यासारखं काहीतरी लागलं, तेही बरंच छान. स्वयंपाकघरात लाटणं एका लयीत चाललं होतं. मग दारात खालचे काका दिसले. बेल वाजवली असणार. त्यांच्याही कानात कापूस, हातात पोलीस चौकीला द्यायचा तक्रारअर्ज. माझ्या कानाशी तोंड आणून ते ओरडले, "आज तुम्ही तरी वाजवत नाही आहात, बरं केलंत!"

सही करायला त्यांनी अर्ज ॲम्पवर ठेवला. कागद थरथरत होता. कशानं, ते मला सांगता येणार नाही. मी सही केली.