एंटर बडवून पाने पाडणाऱ्यांनो

“आमच्या लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित होतं, तुमच्याकडे आल्यावर सेटिंग हललं,” हे वाक्य काल पुन्हा ऐकावे लागले आणि माझा संयम संपला. पीएचडीच्या प्रबंधाची फाइल होती आणि काम म्हणाल तर बांधणीसाठी डावा समास एका इंचाचा दीड इंच करून छपाईला देणे, इतकेच होते. समास वाढवताच तिसऱ्या प्रकरणाचे शीर्षक पानाच्या मध्यावर घसरले, चौथ्याचे तळाशी जाऊन एकटे बसले आणि पाचव्याच्या आधी एक कोरे पान उपटले. कंट्रोल, शिफ्ट आणि 8 या कळा दाबून लपलेल्या खुणा उघड केल्या, तेव्हा प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी परिच्छेदखुणांची रांगच्या रांग दिसली. पुढचे प्रकरण नव्या पानावर जावे म्हणून या संशोधकाने पान भरेपर्यंत एंटर बडवले होते. सेटिंग माझ्याकडे हलले नाही. ते मुळात केलेलेच नव्हते.

कंट्रोल आणि एंटर या दोन कळा एकदा एकत्र दाबल्या की तिथे पान तुटते, आणि वरचा मजकूर कितीही वाढला वा घटला तरी पुढचे शीर्षक नव्या पानाच्या माथ्यावरच राहते. वर्डमध्ये असेच आहे, लिब्रेऑफिस रायटरमध्ये असेच आहे, गूगल डॉक्समध्येही असेच आहे. डॉसच्या जमान्यातल्या वर्डपरफेक्ट या लेखन-प्रणालीतसुद्धा पान तोडायला याच दोन कळा होत्या. ज्यांना ढीगभर संदर्भग्रंथ चाळायला वेळ मिळतो, त्यांना एवढी एक गोष्ट शिकायला वेळ मिळू नये, याचा मला मनस्वी संताप येतो.

संदर्भसूचीने तर कहर केला. नोंदीची दुसरी ओळ आत सरकवायची असते हे त्यांना माहीत होते, पण कंट्रोल आणि टी दाबले की अख्ख्या परिच्छेदाला तशी बैठक मिळते हे माहीत नव्हते. म्हणून ओळ जिथे संपताना दिसली तिथे एंटर मारला आणि पुढच्या ओळीच्या आधी आठ-दहा स्पेस दिल्या. समास वाढल्यावर प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द खाली पडला. ‘पुणे’ हा शब्द एकटा एका ओळीवर लटकलेला आणि प्रकाशनाचे वर्ष त्याच्या खाली, स्पेसच्या भल्यामोठ्या खड्ड्यानंतर, अशी पानेच्या पाने मी रात्री बसून सरळ केली. कुठे स्पेस, कुठे टॅब, तर कुठे काहीच नाही, त्यामुळे फाइंड-रिप्लेसने एका फटक्यात काढून टाकायचीही सोय नव्हती.

त्यात ही फाइल मित्रमंडळींच्या हातांतून फिरलेली. एकाकडे लिब्रेऑफिस होते. वर्डमध्ये कंट्रोल आणि 1 दाबले की ओळींमधले अंतर एकेरी होते, 2 ने दुप्पट आणि 5 ने दीडपट होते. रायटरमध्ये मात्र कंट्रोल आणि 1 म्हणजे पहिल्या स्तराचे शीर्षक. परिणामी, अवतरणांतले अंतर कमी करायला गेलेल्या माणसाने दोन अख्खे परिच्छेद शीर्षक करून ठेवले, मग त्यांचा आकार आणि ठळकपणा हाताने उतरवला, पण जी पाहून अनुक्रमणिका बनते ती शीर्षकाची शैली तशीच राहिली. मी अनुक्रमणिका तयार केली, तेव्हा ते दोन्ही परिच्छेद पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तिच्यात येऊन बसले. दुसऱ्याला गूगल डॉक्सची सवय. तिथे मजकूर मध्यभागी आणायला कंट्रोल, शिफ्ट आणि ई लागते. वर्डमध्ये त्यासाठी नुसते कंट्रोल आणि ई पुरते, आणि शिफ्टही दाबले तर ट्रॅक चेंजेस सुरू होते. तेव्हापासूनची प्रत्येक खाडाखोड फाइलमध्ये रंगीत अक्षरांत नोंदलेली होती. इथे माझा राग सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांवरही आहे. पान तोडण्याची कळ सगळीकडे एकच ठेवता येते, तर ओळींच्या अंतराची का ठेवता येऊ नये? ब्राउझरने काही कळा आधीच अडवलेल्या असतात, हे कारण डॉक्सपुरते मी समजू शकते; रायटर तर ब्राउझरमध्ये चालत नाही.

आडव्या पानाचा छळ निराळाच. मोठ्या तक्त्यासाठी मधलेच एक पान आडवे करायचे, तर वर्डमध्ये त्याच्या आधी आणि नंतर सेक्शन ब्रेक, म्हणजे मजकुराचे विभाग पाडणारी खूण, लागतो. आल्ट, पी, बी या कळा एकामागून एक दाबल्या की ब्रेकची यादी उघडते. मी ते ब्रेक नीट घालून देते आणि ग्राहक घरी जाऊन ‘ती मधली नको असलेली रेघ’ पुसून टाकतात. विभागाची मांडणी त्याच्या अखेरच्या ब्रेकमध्ये साठवलेली असते, त्यामुळे आडव्या पानाआधीचा ब्रेक पुसताच मागचा सगळा उभा मजकूर आडवा होतो. मग रात्री अकराला फोन येतो आणि पुन्हा तेच, सेटिंग तुमच्यामुळे हललं.

संगणकाचे प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गांत नेमके शिकवतात तरी काय? अक्षरांना रंग देणे, शीर्षकाला कमान करणे आणि पानाला फुलांची चौकट लावणे येणारी मुले माझ्याकडे कामाला येतात, आणि परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘आधी पान तोडा’ असा पर्याय असतो, हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नसते.

यापुढे फाइल घेताना छुप्या खुणा ग्राहकासमोरच तपासल्या जातील. एंटरच्या रांगा निघाल्या तर समासाचे पैसे वेगळे आणि रांगा उपसण्याचे पैसे वेगळे लागतील, आणि सोमवारी विद्यापीठात प्रती जमा करायच्या आहेत ही सबब मी ऐकून घेणार नाही.