मगरीला इंजेक्शन कुठे देतात?

लहान मुलं कशाला घाबरतील आणि कशाला नाही, याला काही धरबंध नसतो. आमची कन्या झुरळ मिशीला धरून उचलते. गल्लीतल्या ज्या कुत्र्याला पाहून मी स्कूटरचा वेग वाढवतो, त्याच्या पाठीवर बसायचा तिचा विचार असतो. मात्र सलूनमधलं केस कापायचं मशीन नुसतं सुरू झालं, की सांगलीच्या विश्रामबागेत फोडलेली किंकाळी मिरज स्टेशनात ऐकू जाते.

यात आमच्या मातोश्रींचा वाटा मोठा. त्यांनी एकेका कामाला एकेक माणूस नेमून ठेवलेला आहे. जेवली नाही तर डॉक्टर सुई टोचतात. झोपली नाही तर पोलीस येतात. वेणी घालू दिली नाही तर न्हावी चकोट करतो. कारभार अगदी सुरळीत चालला होता. अडचण एवढीच, की ज्या डॉक्टरांच्या जिवावर पोरीला वर्षानुवर्षं वरणभात भरवला, त्यांच्याच दारात एक दिवस तिला हाताला धरून न्यावं लागतं आणि वर ‘डॉक्टरकाका कित्ती चांगले आहेत की नाही?’ असंही म्हणावं लागतं. पोरानं विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

तो दिवस आमच्या घरात जवळ येत चालला होता. सरकारी लसीकरणाच्या तक्त्यात पाच ते सहा वर्षांच्या रकान्यात डीपीटीचा दुसरा बूस्टर असतो. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात, तिन्हींवर मिळून एक. याचा पहिला बूस्टर दीड वर्षाच्या सुमारास होतो, पण त्या वयात मूल नुसतं रडतं. पाचव्या वर्षी ते वाद घालतं.

अशात बायको शाळेतल्या पालकसभेहून परतली ती वही भरूनच.

“अहो, मुलांची पहिल्या अनुभवाची भीती गोष्टीतून घालवायची असते. इंटरॲक्टिव्ह गोष्ट.”

“म्हणजे मोबाइलवर?”

“तोंडानं. मधे मधे थांबायचं आणि तिला विचारायचं, आता पुढं काय? ती म्हणेल तसं पुढं न्यायचं.”

“सगळं तीच ठरवणार, तर मी कशाला?”

“सुरुवात करायला.”

वहीत नियमही होते. जे होणार ते त्याच क्रमानं सांगायचं. कसला वास येईल, कसला आवाज येईल, तेही सांगायचं. खोटं बोलायचं नाही. आणि जिथं खरोखर निवड आहे तिथंच विचारायचं. ‘इंजेक्शन घ्यायचं का?’ हा प्रश्न विचारलात तर उत्तर ‘नाही’ येणार, आणि मग तुम्ही बसा बोंबलत. विचारायचं ते ‘कुठल्या हातावर?’

मला यात अवघड काही वाटलं नाही. शेवटी आम्ही सांगलीकर. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते याच गावात, आणि त्या नाटकात सूत्रधार पदं म्हणायचा, पात्रं आपली भाषणं आयत्या वेळी जुळवायची. म्हणजे पालकसभेत जे शिकवलं ते आमच्या पाण्यातच आहे. मी सूत्रधार, कन्या पात्र. त्या नाटकात विदूषकही असायचा, त्याचा मला त्या वेळी विसर पडला होता.

पूर्वतयारी म्हणून थोडं वाचलंही. १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स नावाच्या बाईंनी पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या मुलाची सशाची भीती कशी घालवली ते प्रसिद्ध केलं. पीटर आवडता खाऊ खात असायचा आणि ससा लांब पिंजऱ्यात. मग हळूहळू ससा थोडा जवळ, आणखी थोडा जवळ. शेवटी पठ्ठ्या सशाला कुरवाळायला लागला. वाचून मी इतका भारावलो, की आपल्या गोष्टीचा नायक ससाच, हे नक्की केलं. पीटरच्या खाऊच्या जागी भडंगाची वाटी भरून ठेवली.

“एक होता ससा.”

“ससा नको.”

“का गं?”

“मगर.”

आता ही मगर आली कुठून, हे सांगलीबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. कृष्णेत मगरी आहेत. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात त्या काठावर येऊन ऊन खात पडतात, आणि कुणीतरी काढलेला व्हिडिओ दुपारपर्यंत गावभर फिरतो. कन्येनं तो आजीच्या मोबाइलवर पाहिलेला. आजी म्हणाली, “बघ, घाटावर एकटी गेलीस तर ही धरते.” ही एवढी एक भीती खरी होती, जन्मभर बाळगावी अशी. नेमकी तीच पोरीला लागू पडली नाही. “किती गोड हसते!” म्हणाली.

तर मगर. मगरीचं पिल्लू. नाव मगरबाई.

पहिला प्रयोग केस कापण्याचा. “मगरबाईचे केस वाढले,” मी म्हणालो. कन्येनं माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. “बाबा, मगरीला केस नसतात.” गोष्ट पहिल्याच वाक्याला आडवी. मी वहीतला नियम आठवला आणि तिलाच विचारलं, “मग ती सलूनमध्ये कशाला गेली असेल?” बराच भडंग संपल्यावर उत्तर आलं, “तिच्या डोक्यावर शेवाळ उगवलंय.” पुढचं सगळं तिनंच लावलं. मशीन म्हणजे भुंगा. भुंगा शेवाळ खातो. आधी तो मगरबाईच्या हातावर बसतो, मग खांद्यावर, मग मानेवर. पीटरचा ससा काय वेगळं करत होता? पोरीनं न वाचता तीच पायरी गाठली, म्हणून मी मनातल्या मनात कॉलर ताठ केली.

कॉलर उतरायला सलूनपर्यंतच जावं लागलं. गोष्ट जशी ठरली तशीच जगानं वागायला हवं, हा तिचा नियम. म्हणजे सलूनवाल्याला आधी जाऊन सगळं समजावणं आलं. मशीनला भुंगा म्हणायचं, आधी हाताला लावून दाखवायचं, आणि कापताना मधे मधे ‘शेवाळ चविष्ट आहे’ म्हणायचं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकानंही, तोंडाला फेस तसाच ठेवून. मग सलूनवाला म्हणाला, “करतो की. पण साहेब, कटिंगचे पैसे वेगळे आणि नाटकाचे वेगळे.”

केस कापून झाले. किंकाळी नाही. भुवईवर पडलेला एक बारीक केस तिनं चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाली, “शेवाळ वाळलं.” मी सलूनवाल्याला दोन्हींचे पैसे दिले.

शाळेच्या पहिल्या दिवसाचं फारसं सांगण्यासारखं नाही. मगरीची आई पिल्लांना तोंडात धरून अलगद पाण्यापर्यंत नेते, ही खरी माहिती मी हौसेनं गोष्टीत घातली आणि शाळेच्या फाटकाशी त्याची अंमलबजावणी मागितली गेली, एवढं पुरे. बायकोनं फ्रॉकची कॉलर दातात धरली. बाकीचे पालक पाहत होते.

मुख्य प्रवेश इंजेक्शनाचा.

मगरीला इंजेक्शन कुठे देतात, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पाठीवर तिला हाडांच्या ढालींचं चिलखत. कन्येनं बोटानं उशीवर टोचून टोचून जागा शोधली. शेपूट? तिथंही चिलखत. “पोटावर,” तिनं जाहीर केलं. आतून मातोश्री ओरडल्या, “अगं, पोटावर कुत्रं चावल्यावर देत होते!” झालं. आता गोष्टीत कुत्रं आलं. कुत्र्याला घालवून मगरबाईच्या दंडापर्यंत पोचायला मला रात्रीचे साडेदहा वाजले. मगरीला दंड असतो का? आमच्या मगरीला असतो. व्यायाम करते ती.

“दुखतं का?” मगरबाईनं विचारलं. म्हणजे कन्येनं.

“छे गं,” मातोश्री पुन्हा आतून, “मुंगी चावल्यासारखं.”

“मुंगी चावली की दुखतंच की!”

या एका मुद्द्यावर कन्या आणि जागतिक आरोग्य संघटना यांचं एकमत आहे. लस टोचताना होणाऱ्या वेदना कमी कशा कराव्यात, याच्या संघटनेनं २०१५ साली सूचना काढल्या, त्यात खोटा दिलासा देऊ नका असं सांगितलंय. मूल पालकाजवळ असू द्या, आडवं न पाडता बसवा, त्याचं लक्ष दुसरीकडे वळवा, आणि टोचणाऱ्यानं शांत, साधे शब्द वापरावेत. आमच्या लहानपणी दोघं पाय धरायचे, एक हात धरायचा आणि कंपाउंडर ‘काही नाही, काही नाही’ म्हणत सुई उकळत्या पाण्यातून काढायचा. ते ‘काही नाही’ आजही कुणी म्हटलं, की माझा हात आपोआप मागच्या खिशाकडे जातो.

“दुखतं,” मी म्हणालो. “भडंगाचा एक घास चावून होईपर्यंत.”

तिनं एक घास तोंडात टाकून चावून पाहिला. जरा विचार केला. “बारीक घास की मोठा?”

मग वाटाघाटी झाल्या. हात डावा. मांडी बाबांची. सुई येताना भिरभिरं फुंकायचं, कारण फुंकताना ओरडता येत नाही, असा तिचाच शोध. गणपती मंदिराबाहेरून लाल-पिवळं भिरभिरं आणलं. शेवटी तिनं गोष्टीला एक कलम जोडलं, आणि मी झोपेच्या भरात ‘बरं’ म्हणून गेलो.

आदल्या दिवशी दवाखान्यात जाऊन सिस्टरांना संहिता ऐकवली. बाहेर रांग होती. त्या कार्ड लिहिता लिहिता म्हणाल्या, “मगर आणा न्हाईतर सुसर आणा. कार्ड तेवढं विसरू नका.”

प्रत्यक्षात आमचा नंबर आला तेव्हा संहिता त्या विसरल्या होत्या.

“ये बाळ, घाबरायचं नाही हं.”

“असं नाही,” कन्या म्हणाली. “तू विचार, कुठला हात.”

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

“कुठला हात, मगरबाई?”

“आधी बाबांचा.”

हे ते रात्रीचं कलम. गोष्टीत मगरबाईचे बाबा आधी इंजेक्शन घेतात, मग ती. बाहेरची रांग आता दारातून आत डोकावत होती. सिस्टर पक्क्या निघाल्या. “काढा, बाही वर करा,” म्हणाल्या आणि माझ्या दंडावर नुसता ओला कापसाचा बोळा फिरवला. तो गार लागला आणि स्पिरिटचा वास नाकात गेला. सुई नव्हती, असणार नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी डोळे गच्च मिटले आणि तोंडातून ‘आई गं’ निघालं ते निघालंच. खोलीत जो हशा पिकला, त्यात विदूषक कोण याचा निकाल लागला.

त्या हशात कन्येचं इंजेक्शन होऊनही गेलं. भिरभिरं गरगर फिरलं, थांबलं. ती दंडाकडे पाहत क्षणभर गप्प बसली, मग ठरल्याप्रमाणे रडली. हो, रडणं गोष्टीत होतं. मगरबाई थोडं रडते आणि मग राजगिऱ्याचा लाडू खाते, असं लेखी नसलं तरी तोंडी ठरलेलं. अस्सल नक्राश्रू इतक्या जवळून पाहायला मिळणारा बाप विरळाच. लाडू दिसताच बंद झाले.

लस दिल्यावर अर्धा तास तिथंच थांबवतात. शेजारी एक मुलगा, नंबर यायच्या आधीच भोकाड पसरून बसलेला. त्याची आई “गप्प बस, नाहीतर सिस्टर दोन टोचतील” म्हणत होती. कन्या त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“तुझं कोण?”

तो रडायचा थांबला. “काय?”

“माझी मगर. तुझं कोण?”

“जेसीबी,” तो म्हणाला.

“जेसीबीला इंजेक्शन कुठे देतात?”

पोरगा खरोखर विचारात पडला. नाक पुसलं. नंबर पुकारला गेला, आईनं उचललं, आणि दारातून आत जाता जाता तो ओरडला, “डिझेलच्या टाकीत!”

तेव्हापासून घरात मगरीशिवाय पान हलत नाही. नवे बूट, मेथीची भाजी, अंधारातला जिना, सगळ्याची आधी गोष्ट, मग कृती. मला कचेरीत उशीर होतो. साहेबांना कारण काय सांगणार, मगरबाई कारलं खायला तयार होत नव्हती म्हणून? त्यातून मुलगी हुशार. निवड कुठं देतात आणि कुठं चुकवतात, हे तिनं ओळखलंय. परवा झोपायची वेळ झाली तेव्हा मीच तिला विचारायच्या आत तिनं मला विचारलं, “बाबा, मगरबाई आणखी एक तास जागी राहणार की दोन?”

मातोश्रींना हे सगळं थेर वाटत होतं. “आम्ही काय पोरं वाढवली नाहीत? धाकात ठेवली की झालं.” हे त्यांचं पालुपद चाललं, ते मिरजेच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना मोतीबिंदूची तारीख देईपर्यंत. मग घरात एकाएकी वेगळेच ग्रह दिसायला लागले. आधी पितृपंधरवडा आला, नंतर थंडी, नंतर भाचीचं लग्न. मी समजावलं, अलीकडे टाका घालावा लागत नाही, बहुतेक लोक त्याच दिवशी घरी येतात. “तुला काय कळतंय,” म्हणाल्या.

एका संध्याकाळी आतून कन्येचा आवाज आला.

“मगरबाईच्या आजीला दिसत नव्हतं नीट. मग काय झालं, आजी?”

“काय व्हायचंय? बसली घरात.”

“नाही. आधी डोळ्यात थेंब घातले. मग डोळा झोपला. ती जागीच होती. आता सांग, उजवा डोळा की डावा?”

“आधी डावा म्हणालेत डॉक्टर.”

“आजीच्या हाताला कोण धरणार? बाबा की आई?”

“तुझा बाबा नको. तो बोळ्याला ओरडतो.”

मी दाराआड उभा होतो. मगरीच्या डोळ्याला तिसरी, पारदर्शक पापणी असते, हे सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. बायकोनं दंडाला धरून मागं ओढलं.

आत बराच वेळ काही बोलणं नव्हतं. भडंग चावल्याचा आवाज तेवढा येत होता. मग मातोश्रींनी आवाज खाली आणून विचारलं, “बरं, मला सांग, त्या मगरीच्या आजीला डोक्यावरून अंघोळ कधीपासून करू दिली? आणि टीव्ही?”