मायनस अठरा आणि कूलर

हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी संपर्काचं लायसन मिळालं की घरच्यांना वाटतं, आता हा जगाशी गप्पा मारणार. एफटी८ (कॉम्प्युटरने छोटे संदेश पाठवायची रेडिओ पद्धत) वरच्या गप्पा बघाव्यात: दोघांचे कॉलसाइन (रेडिओवरची ओळख), ग्रिड म्हणजे नकाशावरच्या चौकोनाचं नाव (नागपूरचं एमएल९१), एकमेकांना एकेक आकडा आणि रामराम. तो आकडाही बहुतेक वेळा मायनसमध्ये. "जपानहून मायनस अठरा आला!" म्हणावं, तर शेजारचे काका विचारतात, "मायनस? मग फेलच न भाऊ!"

फेल नाही. पण काकांना हे पटवणं लायसनच्या परीक्षेपेक्षा अवघड आहे.

बोलून संपर्क करणारी मंडळी उदार असतात. निम्मं ऐकू आलेलं नसतं, तरी "फाइव्ह नाइन (म्हणजे अगदी स्वच्छ ऐकू येतंय), फाइव्ह नाइन, नाव परत सांगा!" एफटी८ मध्ये ही मुरव्वत नाही. आकडा सॉफ्टवेअर काढतं: सिग्नल नॉइजच्या तुलनेत किती, ते डेसिबलमध्ये. खोच अशी की सिग्नल जेमतेम ५० हर्ट्‌झ रुंद, आणि नॉइज धरतात २५०० हर्ट्‌झचा. पन्नासपट रुंद गोंगाटाशी सामना लावला की १७ डेसिबल आधीच गेले. म्हणजे मायनस १७ ला सिग्नल आपल्या पट्ट्यात नॉइजच्या बरोबरीत असतो. डिकोड तर साधारण मायनस २० पर्यंत होतं. अठरा म्हणजे काठावर का होईना, पास.

पण खरी मेख पुढे. समोरच्याने मला मायनस ३ दिला आणि मी त्याला मायनस १९, तर मी कंजूष ठरत नाही. दिलेल्या आकड्यात आपल्या घरचा नॉइज असतो, आलेल्यात त्याच्या. आणि मे महिन्यात नागपुरातल्या घरचा नॉइज म्हणजे काय विचारता! कूलरचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडी बल्ब, स्वस्तातले मोबाइल चार्जर, इन्व्हर्टर, सगळे एका सुरात. वॉटरफॉलवर, म्हणजे सिग्नल रेघांसारखे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या खिडकीत, आडवं-उभं पिवळं पीठ पसरतं, आणि त्याखाली जपान गाडला जातो.

चोर धरायची रीत सोपी, घरात अप्रिय. रिग (रेडिओ संच) १२ व्होल्टच्या बॅटरीवर घ्या, लॅपटॉपचा चार्जर काढा, मेन स्विच बंद करा. वॉटरफॉल काळा पडला तर चोर घरातलाच. मग एकेक एमसीबी चढवत जा. ज्यानं पीठ परत पडेल, त्या लाइनवरची उपकरणं तपासा. सापडलेल्याची वायर ३१ नंबरच्या फेराइट रिंगवर (नॉइज अडवणारं कडं) आठ-दहा वेढे घेऊन गुंडाळायची. रेग्युलेटरचं एक गुपित: फुल स्पीडला तो कमी कुरकुरतो. कूलर फुल ठेवला की घर खूश, रेडिओही बराच खूश.

आकडा वाढवायच्या नादात लोक भलतीच बटणं फिरवतात. ऐकायचा ऑडिओ वाढवला तर सिग्नलबरोबर नॉइजही फुगतो, आकडा तिथंच. नुसता नॉइज असताना डब्ल्यूएसजेटी-एक्सची (एफटी८ चं सॉफ्टवेअर) ऑडिओ पातळीची पट्टी ३० डेसिबलच्या आसपास असावी, बस. पाठवताना २५ वॉटचे ५० केले तर मिळतात ३ डेसिबल, अठराचे पंधरा. त्यापेक्षा अँटेना वर चढवा. ऑडिओ कोंबून एएलसी (पाठवायची पॉवर आवरणारी रेडिओतली यंत्रणा) नाचवली की ६०० हर्ट्‌झवरचे तुम्ही १२०० आणि १८०० वरही अवतरता, आणि तिथं बसलेल्यांच्या शिव्या खाता. एएलसीचा काटा हलायचा थांबेल इतका ऑडिओ कमी करा आणि सेटिंगमध्ये स्प्लिट (पाठवताना रेडिओची फ्रिक्वेन्सी आपोआप सरकवायची सोय) चालू ठेवा. मग टोन १५०० ते २००० मध्ये राहतो आणि त्याची दुप्पट-तिप्पट पिल्लं रेडिओच्या फिल्टरमध्येच मरतात.

वॉटरफॉलवर रेघाच रेघा, डिकोड एकही नाही, तर अँटेनावर चढू नका, घड्याळ बघा. दर १५ सेकंदांनी पाळी बदलते, लॅपटॉप दोन-तीन सेकंद मागे असला की कारभार आटोपला. इंटरनेटवरून वेळ जुळवा आणि डीटीचा (वेळेतल्या फरकाचा) रकाना वाचत राहा. त्यात अख्ख्या जगाचं घड्याळ १.३ सेकंदांनी चुकलेलं दिसलं, तर चुकलंय ते आपलं.