फ्लेक्स बघून दूध घ्यायचं का?

पक्याने परवा कट्ट्यावर जाहीर केलं की कोपऱ्यावरच्या डेअरीतलं दूध बंद. कारण? मालकाने दुकानावर एका भावी नगरसेवकाचा फ्लेक्स लावलाय आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून स्वतःचा फोटो, गॉगलसकट.

"माझ्या पैशातून त्या पक्षाचा प्रचार नको."

"आणि चक्का?" शिरीषने विचारलं.

"पाणचट खाईन दुसरीकडचा."

नानांना हसू आवरेना. त्यांचं स्वतःचं स्टेशनरीचं दुकान होतं, त्यामुळे पक्षवाल्यांची वर्गणीची पावतीपुस्तकं त्यांनी जवळून पाहिलेली. "अरे, त्याने हौसेने लावलाय असं वाटतं तुला? त्याचे क्रेट फुटपाथवर, फ्रीज फुटपाथवर. अतिक्रमणवाले आले की फोन कोणाला लावणार? तू रुसलास तर त्याचं लिटरभर दूध जातं. भाऊ रुसले तर फ्रीज जातो. मागच्या वेळी दुसऱ्या पक्षाचा फ्लेक्स होता तिथे. खिळे तेच आहेत, जाऊन बघ."

शिरीषला इतिहासाशिवाय चहा जात नाही. तो म्हणाला, बहिष्काराला हसू नका. 1905 साली पुण्यातच परदेशी कापडाची होळी झाली. आंबेगाव तालुक्यातला बाबू गेनू, मुंबईतला गिरणी कामगार, 12 डिसेंबर 1930 रोजी विलायती कापडाच्या लॉरीपुढे उभा राहिला आणि तिच्याखाली गेला. आणि लांब कशाला, मे 2025 मध्ये तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली तेव्हा मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनीच तुर्की सफरचंदं नाकारली की!

मला हे पटेना. बाबू गेनूचं भांडण त्या कापडाशीच होतं. ते कापड खपत होतं म्हणून इथले माग बसत होते. डेअरीवाल्याच्या दुधाने कोणाचं काय बिघडवलंय?

"पैसा!" पक्या उसळला. "दूध नाही, पैसा. तो कुठे जातो ते बघ."

"बघूच मग," वैशाली म्हणाली. ती सीएच्या ऑफिसात असते, तिच्यासमोर पैशाचं नाव काढू नये. "15 फेब्रुवारी 2024 ला सुप्रीम कोर्टाने निवडणूक रोखे, म्हणजे पक्षांना नाव न उघडता देणगी द्यायची सोय, रद्द केले आणि पुढच्या महिन्यात देणगीदारांची यादी बाहेर आली. सगळ्यात मोठी देणगीदार लॉटरीवाली फ्यूचर गेमिंग, 1,368 कोटी. कोणाला दिले? तृणमूलला, द्रमुकला, भाजपलाही. आता यांचा पक्ष कुठला ते सांग. डेअरीवाल्याने निदान फोटो तरी लावलाय. मोठ्यांचं कोर्टाने काढायला लावेपर्यंत आपल्याला कळलंसुद्धा नाही."

"म्हणजे मोठे सापडत नाहीत म्हणून छोट्यालाही सोडायचं?"

हा मुद्दा पक्याचा बिनतोड होता, मान्य करायला हवं. नाना चहा सांगायला उठले ते त्यामुळेच, असा माझा संशय.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी फ्लेक्स बघतच नाही. दुकानदार गिऱ्हाइकाशी आणि कामावरच्या पोराशी कसा वागतो ते बघतो. उद्या कोणी 'अमक्या जातीधर्माच्यांनी येऊ नये' अशी पाटी लावली, तर मालक माझ्याच पक्षाचा असला तरी मी ती पायरी चढणार नाही. पण नुसतं मत वेगळं म्हणून दुकानं वाटून घ्यायला लागलो, तर आळीत दोन वाणी, दोन न्हावी आणि दोन पिठाच्या गिरण्या लागतील.

"तुला सोपंय," वैशाली म्हणाली. "दूध चार ठिकाणी मिळतं. माझ्या आईची बीपीची गोळी ज्या कंपनीची, तिचं नाव रोख्यांच्या यादीत होतं. काय करू, गोळी बंद करू?"

पक्याकडे उत्तर तयार होतं. "औषध तेच, कंपनी दुसरी. डॉक्टरांना विचार आणि जनऔषधी केंद्रातून घे. स्वस्तही पडेल."

"पक्या," नाना चहाचे ग्लास घेऊन परत येत म्हणाले, "त्या केंद्राच्या पाटीवरचा पहिला शब्द वाचलायस का? प्रधानमंत्री."