जग बुडालं तर हे मोठे लोक जातीन कुठं? (आठ रस्ता चौक, नागपूर, कट्टा)

विषय पिंट्यानं काढला. फेसबुकवाल्या झुकरबर्गनं हवाईतल्या काउआई बेटावर हजार एकराच्या वर जमीन घेतली आणि त्याच्यात जमिनीखाली पाच हजार स्क्वेअर फुटांचं शेल्टर बांधून राहिला, ही बातमी २०२३ च्या शेवटी आली होती, ती पिंट्याच्या मोबाईलवर आता पोचली. झुकरबर्ग स्वतः म्हणे की बेसमेंटसारखं आहे, लोकांनी उगाच बाऊ केला. पिंट्या प्लॉटच्या धंद्यात असल्यामुळे त्याला बाकी काही दिसलं नाही, तो म्हणे "पाच हजार फूट म्हणजे काय बे, बेसाच्या स्कीममध्ये याच्यापेक्षा मोठे प्लॉट पाडले आपण."

सोनू मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाकडच्या कंपन्यांच्या एरियात, आयटीत आहे, त्याला असे विषय भेटले की चहा थंड होतो. तो सुरू झाला की हवाई वगैरे ठीक आहे पण खरी जागा न्यूझीलंड. पीटर थील म्हणून आहे, पेपालवाला, त्याला न्यूझीलंडनं २०११ मध्ये नागरिकत्व देऊन टाकलं आणि तोपर्यंत पठ्ठ्या त्या देशात एकूण १२ दिवस राहिला होता, आणि तिथल्या पब्लिकला हे कळलं २०१७ मध्ये.

"बारा दिवस?" बंडूभाऊ उठूनच बसले. "अबे इथं पोट्टीच्या डोमिसाइलले पंधरा वर्षांचा पुरावा मागते, मी लाईट बिलाची पिशवी घेऊन फिरून रायलो होतो."

बंडूभाऊ म्हणजे कोराडीच्या पॉवर स्टेशनमधून रिटायर झालेले, टर्बाइन साइडला आयुष्य गेलं, त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा पहिला प्रश्न असतो की मेंटेनन्स कोण करते. ते पुढे येईलच.

सोनूचं म्हणणं हवेतलं नव्हतं हे मान्य करावं लागेल. २०२२ मध्ये रटगर्स युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी हिशोब मांडला होता की अमेरिका आणि रशियाचं पूर्ण अणुयुद्ध झालं तर बॉम्बपेक्षा जास्त लोक नंतरच्या उपासमारीनं मरतील, कारण जळालेल्या शहरांची काजळी वर जाऊन ऊन अडवणार आणि पिकंच जाणार. आकडा पाच अब्जांच्या वर. आपलं आणि पाकिस्तानचं झालं तरी दोन अब्जांच्या वर जातो. आणि त्या सगळ्यात कमी मार बसणारे देश म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड, लोक कमी, शेती भरपूर, बाकीच्यांपासून दूर. म्हणजे थीलसारखा माणूस तिकडं पाहतो ते काही वेडेपणा नाही.

"पण त्याले तिथं घर बांधू दिलं का?" हे देशकर सरांनी विचारलं, जे आतापर्यंत पेपर वाचत होते असा आमचा समज होता.

नाही दिलं. वानाका तलावाजवळ त्याला मोठं लॉज बांधायचं होतं, तिथल्या कौन्सिलनं २०२२ मध्ये परवानगी नाकारली, निसर्गसौंदर्य बिघडते म्हणून. हे ऐकून पिंट्याला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. अब्जाधीशाचा नकाशा नामंजूर! तो दोन मिनिटं नुसता मांडीवर हात मारत होता. शिवाय २०१८ मध्ये न्यूझीलंडनं बाहेरच्या बहुतेक लोकांना तयार घरं घेण्यावर बंदी आणली होती, म्हणजे दरवाजा आधीच अर्धा लावून घेतलेला.

मग गुड्डू बोलला. गुड्डूच्या गाड्या आहेत, संत्रा, कापूस, जे भेटेल ते. तो म्हणे "सोनू भाई, एक बता, तिथं डिझेल कुठून येते?" सोनूनं शोधलं आणि चेहरा जरा उतरला, कारण न्यूझीलंडची एकुलती एक रिफायनरी मार्सडेन पॉइंटला होती ती २०२२ मध्ये बंद केली, आता पेट्रोल डिझेल सगळं तयार होऊन जहाजानं येते. "मग झालं ना," गुड्डू म्हणे, "जहाज थांबलं की ट्रॅक्टर थांबला, दुधाचा टँकर थांबला, गाय आहे, गवत आहे, दूध आहे, आणि शहरात पोचवायला कोण, थील साहेब हातगाडी ओढतीन का." सोनू म्हणे त्यांची वीज बरीचशी पाण्यावर होते, इलेक्ट्रिक गाड्या वाढून राहिल्या. गुड्डूनं फक्त "पार्ट कुठून येते रे त्याचे" एवढंच विचारलं.

इथून गाडी बंकरवर गेली आणि बंडूभाऊंचा एरिया सुरू झाला. अमेरिकेत कॅन्ससमध्ये जुन्या अॅटलस मिसाइलचा सायलो, म्हणजे मिसाइल ठेवायची जमिनीखालची विहीर आहे, १९६० च्या दशकातला, दोनशे फूट खोल, तो एका बिल्डरनं घेऊन त्याच्यात १५ मजले काढले आणि फ्लॅट विकले. अर्धा मजला पंधरा लाख डॉलर, पूर्ण मजला तीस लाख. स्विमिंग पूल, थिएटर, दुकान, खिडकीच्या जागी स्क्रीन, त्याच्यावर जंगलाचा व्हिडिओ चालतो म्हणे. सगळे मिळून ७०-७५ लोक मावतात.

बंडूभाऊ शांत ऐकत होते. मग त्यांनी विचारलं ते मी जसंच्या तसं लिहितो: "हवा आत घ्यायचे फिल्टर किती दिवसांनी बदलतात? डीजी सेट, म्हणजे डिझेलचे जनरेटर, किती? एक चालू एक स्टँडबाय, बरोबर? स्टँडबायचा पंप बसला तर? पाण्याचा पंप जमिनीखाली दोनशे फुटावर, त्याचं सील गळते, थे सील कोण टाकन, ज्यानं फ्लॅट घेतला तो?" सोनू म्हणे स्टाफ असतो. "हाव, मंग त्या स्टाफची बायकोपोरं कुठं रायतीन? दाराच्या आत का दाराच्या बाहेर? बाहेर ठेवलं तर तो कामावर येणारच नाई, मी सांगतो तुले, मी आलो नसतो. आत घेतलं तर पंचाहत्तरचे दोनशे झाले, आणि मंग फिल्टर दोनशेच्या हिशोबानं पायजे."

याला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हतं. सिक्युरिटी गार्डचंही तेच. पैसा चालेनासा झाला त्या दिवशी बंदूक ज्याच्या हातात आहे तो मालकाला साहेब कायले म्हणन? माझं स्वतःचं मत इथं बंडूभाऊंच्या बाजूनं पडलं आणि अजूनही तिथंच आहे, की हे सगळे लोक आडोसा विकत घेतात पण तो चालू ठेवणारी माणसं पगारावर ठेवतात, आणि पगार ही गोष्ट सगळ्यात आधी बंद पडणारी आहे.

पण सोनू हार मानणारा नाही, आणि त्याचा पुढचा मुद्दा माझ्या घशाखाली उतरायला कठीण गेला. तो म्हणे "तुम्ही लोक डायरेक्ट जग संपल्यावर जाता. जग एकदम संपत नाही. मधली स्टेज असते आणि तिथं पैसा शंभर टक्के चालतो. एप्रिल २०२१ आठवा." दुबईनं २५ एप्रिलपासून भारताची विमानं बंद करायची ठरवली, तेव्हा आधीच्या दोन दिवसांत मुंबई-दुबई तिकिटं कितीतरी पटीनं गेली आणि प्रायव्हेट जेटवाल्यांचे फोन थांबत नव्हते. ज्यांच्याकडे गोल्डन व्हिसा, म्हणजे तिथं वर्षानुवर्षं राहायचा परवाना होता ते गेले. आणि आपण? आपण इथं ऑक्सिजनसाठी फोनवर फोन लावत होतो. त्या महिन्यात नागपुरात बेडसाठी काय हाल होते हे कट्ट्यावर कोणालाच सांगावं लागत नाही, त्यामुळे दोन-तीन मिनिटं कोणी काही बोललं नाही. गूगलवाला लॅरी पेज तर जानेवारी २०२१ मध्ये, न्यूझीलंडच्या बॉर्डर बंद असताना, वैद्यकीय कारणावर आत गेला आणि पुढे रेसिडेन्सीही मिळाली, आणि त्याच काळात त्या देशाचे स्वतःचे नागरिक बाहेर क्वारंटाइनच्या बुकिंगसाठी ताटकळत होते. नियमात बसलं असेल, नाही म्हणत नाही. पण नियम कोणाला लवकर लागू होतात ते दिसते ना.

"आणि अंबानी लंडनला जाऊन राहिले ते?" पिंट्या. नाही गेले. २०२१ मध्ये रिलायन्सनं तिकडं स्टोक पार्क नावाचा क्लब घेतला ५.७ कोटी पाउंडला, त्यावरून अफवा उठली, आणि कंपनीला निवेदन काढून सांगावं लागलं की कुठंही राहायला जाण्याचा विचार नाही. पिंट्याचं म्हणणं की निवेदन काढलं म्हणजे काहीतरी असणारच. त्याच्याशी या बाबतीत वाद घालण्यात अर्थ नाही.

गुड्डूनं सोनूला वेगळीकडून धरलं. श्रीलंकेचा गोटाबाया आठवते का, जुलै २०२२. राष्ट्रपती, सैन्य हाताखाली, आणि विमानतळावर इमिग्रेशनच्या माणसांनी व्हीआयपी सूटमध्ये जाऊन पासपोर्टवर शिक्का मारायला नकार दिला, असं तेव्हा छापून आलं होतं. साधा शिक्का. शेवटी सैन्याच्या विमानानं मालदीव, तिथून सिंगापूर, मग थायलंड, आणि सप्टेंबरात परत घरी, कारण कुठंच कोणी बस म्हणेना. "मोठ्या माणसाची सगळी पॉवर त्या काउंटरवरच्या माणसावर असते भाऊ," गुड्डू म्हणे, "मला आरटीओच्या लाइनीत हे रोज समजते."

देशकर सर हसले आणि म्हणाले तुम्ही श्रीलंका, न्यूझीलंड फिरून आलात, सीताबर्डीच्या किल्ल्याच्या गावचे लोक तुम्ही, आपला नागपूरचा राजा आप्पासाहेब भोसला विसरलात? सर इतिहास शिकवायचे, त्यांचा तास सुरू झाला की कोणी हलत नाही, आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांच्या बैठकीत मी ही गोष्ट या बाजूनं कधी ऐकली नव्हती.

२६ आणि २७ नोव्हेंबर १८१७, सीताबर्डीची लढाई, आप्पासाहेब हरले. राजा म्हणून ठेवलं, पण इंग्रजांना संशय आला आणि पुढच्याच वर्षी अटक. अलाहाबादला नेत होते, तर मे १८१८ मध्ये जबलपूरच्या बाजूला रात्रीच्या छावणीतून हा माणूस शिपायाचे कपडे घालून निघून गेला, आणि पहाऱ्यावरचे काही शिपाईच त्याला सामील होते. म्हणजे पहिला दरवाजा कोणी उघडला? पहारेकऱ्यानं. तिथून तो महादेवाच्या डोंगरात, पचमढीकडं, गोंडांच्या आसऱ्याला. इंग्रजांनी पकडून देणाऱ्याला मोठं इनाम लावलं होतं, पण कोणी दिलं नाही.

"आता गंमत ऐका," सर म्हणाले, "नागपूर वसवलं कोणी? देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंदनं. आणि त्या गोंडांचं राज्य कोणाच्या हातात गेलं? याच आप्पासाहेबाच्या पणजोबाच्या, पहिल्या रघुजीच्या. म्हणजे ज्यांचं घेतलं त्यांच्याच घरात हा लपला, आणि त्यांनी लपवला."

बंडूभाऊ म्हणे "कायले लपवलं पण?"

सर म्हणाले इंग्रज त्यांनाही नको होते, हे एक. दुसरं, आश्रयाला आलेला माणूस बाहेर काढणं हे त्या डोंगरात कमीपणाचं होतं. सोनू लगेच म्हणाला म्हणजे सर, ओळख आणि कनेक्शन, तेच तर हे अब्जाधीश तिकडं आधीच जाऊन बनवून राहिले. सर म्हणाले बारा दिवसांत बनते का? सोनू म्हणे इंग्रज नको होते हे कारण तर सरळ हिशोबाचं आहे, त्यात मन कुठं आलं. त्यावर सर म्हणाले बरोबर, दोन्ही होतं. सर असे आहेत, समोरच्याचं बरोबर असलं की लगेच बरोबर म्हणतात, त्यामुळे त्यांच्याशी नीट भांडताही येत नाही.

पुढे डोंगरात इंग्रजी फौजा चढल्या, मग असीरगड, तिथल्या किल्लेदारानं घेतला आत, १८१९ मध्ये असीरगडावर तोफा लागल्या तोवर हा निसटलेला. लाहोर, मग हिमाचलातलं मंडी, मग शेवटी जोधपूर. जोधपूरच्या मानसिंहानं इंग्रजांना सांगितलं की देणार नाही, आणि नाही दिला. १८४० मध्ये तिथंच वारला. नागपूर परत दिसलं नाही. खजिना तर सुरुवातीलाच सुटला होता हातातून.

मी मध्ये २३ सप्टेंबर २०२३ काढला. त्या रात्री अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, म्हणजे आपल्या गावातले चांगले चांगले बंगले, खालचा मजला पाण्यात. गाड्या तरंगत होत्या. लोकांना बाहेर काढलं बोटींनी, आपत्ती दलाच्या पोट्ट्यांनी, शेजाऱ्यांनी. तिथं कोणाकडे सेफ रूम असती तर तिच्यात आधी पाणी शिरलं असतं, कारण ती खालीच असते.

बंडूभाऊंना मात्र सगळ्यात आवडलं ते स्वित्झर्लंड. तिथं १९६३ च्या कायद्यानं प्रत्येक रहिवाशाला शेल्टरमध्ये जागा असलीच पाहिजे, बिल्डिंगखाली बांधा नाहीतर पैसे भरा, आणि आज लोकसंख्येपेक्षा जागा जास्त आहेत, नव्वद लाखांच्या वर. बँकवाल्यालाही तेच आणि झाडूवाल्यालाही तेच. "मंग तिथला फिल्टर बदलणारा येईन," बंडूभाऊ म्हणे, "त्याची पोट्टी आतच हाय ना." सोनू म्हणे तो देश श्रीमंत आहे म्हणून परवडते. बंडूभाऊ म्हणे अंबाझरीची पाळ दुरुस्त करायले किती लागते मंग, सांग. इथून पुढे अर्धा तास मनपा, नाग नदी आणि सिमेंट रोडवर गेला, तो लिहीत नाही, नागपूरच्या प्रत्येक कट्ट्यावर रोज होतो.

पिंट्या या सगळ्यात गप्प होता म्हणजे काहीतरी शिजत होतं. मग त्यानं हळूच मोबाईल पुढं केला. उमरेड रोडला आतल्या बाजूला अडीच एकरात फार्महाऊस प्लॉट, बोअरला भर मे महिन्यात पाणी, समुद्रापासून लांब, बॉर्डरपासून लांब, झिरो माइल आपल्याकडे, अजून काय पाहिजे, संकटकाळासाठी बेस्ट, आणि शेजारी सगळी चांगली माणसं.

"एनए झालं का, बिगरशेती?" बंडूभाऊ.

"प्रोसेसमध्ये आहे."

"आणि शेजारी कोण?"

"अजून कोणी घेतला नाही, तुम्ही पहिले."

सोनूनं रेट विचारला.